सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणि तिचे स्वयंचलित प्रकाशन

शासकीय कार्यालय असो, शाळा असो वा ग्रामपंचायत, आज संगणकावाचून कामाचे पान हलत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यासाठी आणि जमाखर्चासाठी ‘ई-ग्रामस्वराज’ ही प्रणाली सुरू करण्यात आली. शाळांची वार्षिक माहिती ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत भरली जाते, आणि सातबारा उताराही आता संगणकातूनच निघतो. या सर्व प्रणाली ज्या आज्ञावलींवर, म्हणजेच सॉफ्टवेअरवर चालतात, त्या एकदा लिहून कायमच्या संपत नाहीत. नियम बदलतो, नवा रकाना वाढतो, जुनी चूक ध्यानात येते. अशा प्रत्येक वेळी सुधारलेली आज्ञावली नव्या आवृत्तीच्या रूपाने बाहेर काढावी लागते.

वापरणाऱ्याचा या आवृत्तीशी येणारा संबंध बेताचाच असतो. सकाळी कार्यालय उघडावे तो पडद्यावरील मांडणी बदललेली दिसते किंवा ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ अशी सूचना येते, इतकेच. परंतु ही आवृत्ती तयार कशी होते, ती बाहेर काढण्यास योग्य आहे हे कोण ठरवते आणि ती शेकडो किंवा लाखो यंत्रांपर्यंत न चुकता कशी पोहोचते, याचा विचार सहसा होत नाही. हे काम पूर्वी माणसे हाताने करीत. आता ते जगभर बहुतांशी यंत्राकडे सोपवले जाते. हा बदल का घडून आला आणि काम यंत्राकडे गेल्यानंतर माणसाची जबाबदारी कितपत उरते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आवृत्तीचा क्रमांक काय सांगतो?

पाठ्यपुस्तकाचे उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. छपाईची चूक आढळली तर शुद्धिपत्रक निघते. पुस्तक तेच ठेवून एखादा नवा पाठ जोडला जातो. अभ्यासक्रमच बदलला तर मात्र संपूर्ण नवे पुस्तक येते आणि जुन्या पुस्तकावरून केलेली टिपणे निरुपयोगी ठरतात. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही बदलांचे असेच तीन प्रकार मानले जातात व त्यांसाठी तीन आकड्यांचा क्रमांक देण्याची पद्धत रूढ आहे. समजा, एखाद्या आवृत्तीचा क्रमांक ३.४.२ असा आहे. केवळ दुरुस्ती झाली असेल तर शेवटचा आकडा वाढून ३.४.३ होतो. जुन्या कामास धक्का न लावता नवी सोय दिली असेल तर मधला आकडा वाढून ३.५.० होतो. जुन्या पद्धतीने चालणारे काम यापुढे चालणार नाही, असा बदल असेल तर पहिला आकडा वाढून ४.०.० होतो. गिटहब या कंपनीचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हे नियम लेखी स्वरूपात मांडले. त्या नियमांची २.०.० ही आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली.

सर्वच प्रकल्प ही रीत पाळतात असे नाही. ‘उबुंटू’ या संगणक प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीस ४.१० हा क्रमांक देण्यात आला, कारण ती २००४ सालच्या दहाव्या महिन्यात बाहेर पडली. तेव्हापासून या प्रणालीची आवृत्ती वर्षातून दोनदा निघते. लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. रीत कोणतीही असो, क्रमांक म्हणजे वापरणाऱ्यास दिलेले वचन होय. नव्या आवृत्तीने आपले चालू काम अडेल की नाही, याचा अंदाज त्याला त्यावरून बांधता आला पाहिजे.

आठांपैकी एक सर्व्हर

प्रकाशनाचे काम हाताने करण्यात कोणता धोका असतो, हे अमेरिकेतील एका घटनेवरून स्पष्ट होते. ‘नाइट कॅपिटल’ ही तेथील शेअर बाजारात मोठ्या प्रमाणावर व्यवहार करणारी दलाली पेढी होती. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने १ ऑगस्ट २०१२ पासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करण्याचे ठरवले होते. त्या योजनेत भाग घेण्यासाठी पेढीने आपल्या आज्ञावलीत आवश्यक ते बदल केले आणि २७ जुलैपासून नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर चढवण्यास प्रारंभ केला.

असे सर्व्हर एकूण आठ होते. काम करणाऱ्या तंत्रज्ञाने त्यांपैकी सात सर्व्हरवर नवी आज्ञावली उतरवली. आठवा राहून गेला. दुसऱ्या तंत्रज्ञाने हे काम तपासून पाहिले नाही. तशी तपासणी झालीच पाहिजे, असा लेखी नियमही पेढीत नव्हता.

राहून गेलेल्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग तसाच पडून होता. नव्या आज्ञावलीने आपल्या कामासाठी जो संकेत निवडला होता, तोच संकेत पूर्वी या जुन्या भागाला जागा करण्यासाठी वापरला जात असे. मूळ मागणी पूर्ण झाली की थांबावयाचे, ही मोजणी करणारी सोय २००५ मध्ये अन्यत्र हलवण्यात आली होती. त्यामुळे जागा झालेला जुना भाग थांबेना. १ ऑगस्टला सकाळी साडेनऊ वाजता बाजार उघडला. त्यानंतरच्या सुमारे ४५ मिनिटांत ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी १५४ कंपन्यांच्या शेअरचे ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. पेढीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

या घटनेतील आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी पेढीच्या संगणकांनी बिघाड दर्शवणारी ९७ पत्रे कर्मचाऱ्यांकडे आपोआप पाठवली होती. परंतु ती धोक्याची सूचना म्हणून पाठवली जात नसल्यामुळे नेहमी कोणी वाचत नसे. दुसरी गोष्ट अशी की, गोंधळ निस्तरण्याच्या प्रयत्नात कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरील नवी आवृत्ती काढून टाकली. त्यामुळे जुना भाग तेथेही जागा झाला आणि संकट वाढले. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे, हे त्या क्षणी कोणालाही खात्रीने ठाऊक नव्हते. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने पेढीस १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. तोपर्यंत ती पेढी दुसऱ्या पेढीत विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले होते.

त्या तंत्रज्ञास दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. एकच कृती आठ वेळा करावयाची असता एखाद्या वेळी ती राहून जाणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. हातून राहिलेली गोष्ट कोणाच्या नजरेस येईल अशी व्यवस्थाच नसणे, हा खरा दोष होय.

यंत्राकडे काम कसे गेले?

आज्ञावली लिहिणाऱ्यांना या अडचणीची जाणीव फार पूर्वीपासून होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे एक साधन तयार केले. त्याला निमित्त घडले ते असे : त्यांच्या एका सहकाऱ्याने आज्ञावलीतील चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेल्या भागाची पुन्हा बांधणी करावयाची राहून गेली. परिणामी जुनीच आज्ञावली चालत राहिली आणि जी चूक उरलीच नव्हती, ती शोधण्यात त्या सहकाऱ्याची सकाळ वाया गेली. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, की बदललेल्या भागांची बांधणी ‘मेक’ न विसरता करते. हे साधन आजही वापरात आहे.

पुढील टप्पा बदलांच्या नोंदीचा होता. लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ‘गिट’ हे साधन निर्माण केले. कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीप्रमाणे कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत आणि कशासाठी बदल केला, याची नोंद त्यात राहते. सर्वांचे काम एका सामाईक भांडारात जमा होते. कोणत्याही दिवशीची स्थिती त्यातून जशीच्या तशी परत मिळवता येते. भांडारात बदल जमा होताच संपूर्ण आज्ञावलीची आपोआप बांधणी आणि चाचणी करण्याची रीतही हळूहळू रूढ झाली. नोंदी आणि चाचण्या हाती आल्यावर प्रकाशनाचे कामही यंत्राकडे देता येईल, हे साहजिकच लक्षात आले.

प्रकाशनाची साखळी

स्वयंचलित प्रकाशनाचे टप्पे बहुतेक प्रकल्पांत पुढीलप्रमाणे असतात.

पहिला टप्पा तपासणीचा. कोणताही बदल मुख्य शाखेत घेण्यापूर्वी तो दुसऱ्या जाणकाराने वाचावयाचा असतो. त्याची संमती नोंदल्याखेरीज बदल पुढे सरकू नये, अशी व्यवस्था केलेली असते.

दुसरा टप्पा चाचणीचा. पूर्वी लिहून ठेवलेल्या शेकडो, कधी हजारो चाचण्या यंत्र ओळीने घेते. ठरलेल्या चाचण्यांपैकी एकही फसली तर साखळी तेथेच थांबते.

तिसरा टप्पा क्रमांक देण्याचा. बदल जमा करताना लिहावयाच्या नोंदीच्या आरंभी तो बदल दुरुस्तीचा आहे, नव्या सोयीचा आहे की जुने काम मोडणारा आहे, हे दर्शवणारा ठरावीक शब्द लिहिण्याचा संकेत अनेक प्रकल्पांनी स्वीकारला आहे. ‘सिमँटिक रिलीज’सारखी साधने मागील आवृत्तीनंतरच्या सर्व नोंदी वाचतात व त्यांवरून पुढील क्रमांक ठरवतात. त्याच नोंदींवरून बदलांची यादीही तयार होते.

चौथा टप्पा बांधणीचा आणि स्वाक्षरीचा. भांडारातील त्या क्षणीच्या स्थितीस क्रमांकाची खूण केली जाते. नंतर एका कोऱ्या यंत्रावर त्या खुणेपासून बांधणी होते आणि तयार झालेल्या गठ्ठ्यावर डिजिटल स्वाक्षरी केली जाते. एखाद्याच्या स्वतःच्या संगणकावर बांधणी केल्यास तेथील भल्याबुऱ्या गोष्टी नकळत गठ्ठ्यात शिरू शकतात. कोऱ्या यंत्रामुळे ती शक्यता पुष्कळशी टळते.

पाचवा टप्पा वितरणाचा. नवी आवृत्ती आरंभी थोड्या यंत्रांवर दिली जाते. तेथे ती सुरळीत चालली तरच व्याप्ती वाढवली जाते. बिघाड दिसला तर मागील आवृत्ती परत आणली जाते. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे, याची यादी अद्ययावत राहते.

ही साखळी स्वतःही लेखी स्वरूपात असते. कोणते पाऊल कोणत्या पावलानंतर टाकावयाचे, हे एका फाइलमध्ये लिहून ती फाइल त्याच भांडारात ठेवली जाते. पूर्वी एखाद्या अनुभवी माणसाच्या डोक्यात असलेली पद्धत अशा रीतीने सर्वांना वाचता येते. तो माणूस रजेवर गेला किंवा काम सोडून गेला, तरी काम अडत नाही. स्वयंचलनामुळे वेळ वाचतो हे खरेच. परंतु पद्धत कागदावर येते, हा त्याहून मोठा लाभ म्हटला पाहिजे.

भांडारात एक, गठ्ठ्यात दुसरे

साखळीतील चौथ्या टप्प्याचे महत्त्व २०२४ सालच्या एका घटनेने सर्वांना पटवून दिले. ‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान करणारे साधन लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर असते. ते सांभाळण्याचे काम मुख्यतः एक गृहस्थ आपल्या फावल्या वेळात करीत. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्यांचा विश्वास संपादन केला आणि आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळवला. त्यानंतर निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरच्या यंत्रात चोरवाटेने शिरण्याची सोय दडवलेली होती.

दडवण्याची युक्ती प्रकाशनाशी संबंधित होती. घातक भागाचा काही अंश चाचणीच्या नमुन्यांच्या रूपाने भांडारात ठेवला होता. पण त्याला कार्यान्वित करणारी फाइल भांडारात नव्हती, ती फक्त वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात होती. भांडार वाचणाऱ्यास संशय येऊ नये आणि गठ्ठा सहसा कोणी उघडून वाचत नाही, याचा हा गैरफायदा होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रावरील एक नेहमीची क्रिया सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत असल्याचे जाणवले. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. त्यामुळे त्या आवृत्त्या सर्वत्र पसरण्यापूर्वीच आवरता आल्या.

या घटनेचा बोध असा की, गठ्ठा भांडारातील खुणेपासूनच, सर्वांना पाहता येईल अशा रीतीने तयार झाला पाहिजे. त्याच संहितेवरून दोन निरनिराळ्या ठिकाणी बांधणी केली असता दोन्ही गठ्ठे अक्षर न् अक्षर सारखे यावेत, यासाठी ‘डेबियन’सारखे प्रकल्प कित्येक वर्षे परिश्रम घेत आहेत. गठ्ठे सारखे आले, तर मधल्या मार्गात कोणी काही मिसळलेले नाही, याची कोणालाही पडताळणी करता येते.

यंत्र चूकही तितक्याच वेगाने पोहोचवते

एवढ्यावरून सर्व काम यंत्राकडे दिले की निश्चिंत व्हावे, असा समज होण्याचा संभव आहे. १९ जुलै २०२४ च्या घटनेने तो समज खोटा ठरवला. ‘क्राउडस्ट्राइक’ ही कंपनी संगणकांच्या संरक्षणाची आज्ञावली पुरवते. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने धोके ओळखण्यासाठीची नवी माहिती आपल्या ग्राहकांच्या विंडोज यंत्रांकडे आपोआप पाठवली. आज्ञावलीला २० रकाने पुरवले जात होते. नव्या माहितीने तिला एकविसावा रकाना वाचावयास लावले. यंत्रे बंद पडली आणि पुन्हा सुरू होईनात.

कंपनीने ७८ मिनिटांत ही माहिती मागे घेतली. परंतु तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली होती. जगभर विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांच्या कामात खंड पडला. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्याची वेळ आली. बंद पडलेले यंत्र दुरून दुरुस्त होईना; अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते सुरू करावे लागले.

येथे एकही सर्व्हर राहून गेला नव्हता. यंत्राने नेमून दिलेले काम तत्परतेने केले होते. मात्र माहिती तपासणाऱ्या साधनातच दोष होता, आणि या प्रकारची माहिती थोड्या यंत्रांवर आधी पाठवून पाहण्याचा टप्पा साखळीत नव्हता. असा टप्पा यापुढे ठेवण्यात येईल, असे कंपनीने नंतर जाहीर केले. नाइट कॅपिटलमध्ये माणसाचा हात एका ठिकाणी चुकला. येथे यंत्राचा हात कोठेच चुकला नाही, म्हणून चूक एकाच वेळी सर्वत्र पोहोचली.

माणसाचे काम कोणते?

या तिन्ही घटना एकत्र पाहिल्या म्हणजे कामाची विभागणी कशी असावी, हे ध्यानात येते. तेच पाऊल पुन्हा पुन्हा टाकणे, एकही न वगळणे आणि प्रत्येकाची नोंद ठेवणे, हे यंत्राचे काम होय. कोणती पावले टाकावयाची, कोठे थांबावयाचे आणि बिघाड झाल्यास मागे कसे यावयाचे, हे ठरवणे माणसाचे काम आहे. चाचणीत जे विचारलेच नाही त्याचे उत्तर यंत्र देणार नाही. बदल जुने काम मोडणारा असूनही नोंदीत ‘दुरुस्ती’ असे लिहिले, तर यंत्र दुरुस्तीचाच क्रमांक देईल. अर्धा सेकंदाचा विलंब कोणाला तरी खटकावा लागतो आणि ९७ पत्रांपैकी एक तरी कोणी उघडून वाचावे लागते. स्वयंचलनाने माणसाची जबाबदारी कमी होत नाही. ती ऐनवेळच्या धावपळीतून काढून आधीच्या विचारात ठेवली जाते.

आपण काय विचारावे?

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना आज्ञावली लिहावी लागत नाही. परंतु ती वापरणारे आणि कित्येकदा तिची मागणी नोंदवणारे तेच असतात. एखाद्या संस्थेकडून प्रणाली तयार करून घेताना काही साधे प्रश्न विचारण्यास तांत्रिक शिक्षणाची आवश्यकता नाही. नव्या आवृत्तीत काय बदलले, याची यादी आम्हांस समजेल अशा मराठीत मिळेल काय? ती सर्वत्र देण्यापूर्वी थोड्या कार्यालयांत चालवून पाहिली जाईल काय? बिघाड झाल्यास मागील आवृत्ती किती वेळात परत येईल आणि दरम्यान भरलेली माहिती सुरक्षित राहील काय? प्रकाशनाची पद्धत लेखी आहे, की एका माणसाच्या स्मरणावर अवलंबून आहे? आर्थिक वर्षाच्या अखेरीस किंवा परीक्षेच्या ऐन दिवसांत मोठी आवृत्ती न काढण्याचे बंधन पाळले जाईल काय?

वापरणाऱ्याकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा आहे. अडचण कळवताना पडद्यावर दिसणारा आवृत्तीचा क्रमांक आवर्जून लिहावा. कारण कोणता बदल त्रासदायक ठरला, हे शोधण्याचा तो पहिला धागा असतो. तसेच सुरक्षेसाठी आलेली दुरुस्ती ‘नंतर पाहू’ म्हणून महिनोन् महिने लांबणीवर टाकू नये.

शासनाचे परिपत्रक निघते तेव्हा त्यावर क्रमांक असतो, दिनांक असतो आणि स्वाक्षरी असते. ते कोणाकोणास पाठवले याची नोंद असते, आणि चूक झाल्यास शुद्धिपत्रक काढण्याची रीत ठरलेली असते. लोकांची कामे ज्या आज्ञावलीवर चालतात, तिच्या प्रत्येक आवृत्तीबाबत एवढीच काटेकोर अपेक्षा ठेवणे वावगे नाही. दाखल्यासाठी दहा किलोमीटर चालून आलेल्या माणसाला ‘आज संगणक बंद आहे’ असे उत्तर ऐकावे लागू नये, यासाठी ही सारी व्यवस्था आहे.